दुसऱ्याच्या नावाला ओ

१

रविवारी मंडळीत मी आजांविषयी जे सांगितलं ते सगळं खरं होतं. पुरं मात्र नव्हतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे कारभारी, अण्णा, मागच्या आठवड्यात घरी आलेले. म्हणाले, "सगुणाबाई, हवालदारांना जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांना पाहिलेली माणसं आता ठाण्यात उरली किती? तुम्ही दोन शब्द बोला." मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण नवरा शेजारीच बसलेला, त्यानं माझ्या वतीनं होकार देऊन टाकला. माझ्या वतीनं कुणी बोललं की मला आवडत नाही. का, ते पुढे येईलच.

तर मी बोलले. माझे आजोबा, शिमोन हवालदार, पलटणीत एकवीस वर्षं होते. इराणच्या मोहिमेवरून परतल्यावर इस्पितळात त्यांनी पहिल्यांदा प्रभूचं नाव ऐकलं. नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट आली की त्यांना पुढे वाचवत नसे. पुस्तक माझ्या हातात द्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. हे ऐकून बायकांनी पदरानं डोळे पुसले. अण्णा म्हणाले, केवढी ती श्रद्धा.

मीही तेव्हा श्रद्धाच समजायचे. पण मी जन्माची संशयी. भाजीची जुडी घेतली तर सोडून आतली पानं बघणारी. माझा नवरा उत्तम म्हणतो, एदेन बागेत तू असतीस तर सापच कंटाळून निघून गेला असता. असेल. पण त्या घरात संशय घेणारी मी एकटीच होते, आणि त्यामुळे एकदा एक जीव वाचला. दुसऱ्यांदा मी सोयीचा तेवढाच संशय घेतला.

२

आमचं घर कोपरीत होतं, मिठागराच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मग मधली खोली, मग चूल, आणि मागे झापांची पडवी. वडील रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते. आई, मी आणि माझी धाकटी बहीण शालू. मी चौदाची, शालू सहाची.

सकाळी न्याहारीच्या आधी प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर हजेरी. दुसऱ्या कुठल्या घरात असली तऱ्हा मी पाहिली नाही. आजा गुडघ्यांवरून उठायचे, कोटाची बटणं लावायचे, टाचा जुळवून ओटीवर उभे राहायचे आणि पलटणीतल्या आवाजात नावं घ्यायचे.

"आनंदा."

"हाजिर," वडील.

"सूनबाई."

"हाजिर," आई, चुलीपासून.

"सगुणा." "हाजिर." "शालू." आणि शालू जिथे असेल तिथून धावत यायची, आजांचं बोट धरायची आणि मगच म्हणायची, "हाजिर." आजा त्या वेळी खाली बघायचे नाहीत, पण त्यांची मिशी जरा हलायची.

त्यानंतर ते थांबायचे. नजर मागच्या पडवीच्या दाराकडे. मी मोजलेलं होतं, चार श्वास. मग म्हणायचे, "आमेन. डिसमिस," आणि आम्ही पांगायचो.

घरात एकच नियम असा होता की तो मोडला तर खैर नसे. दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही. एकदा आई विहिरीवर होती, तिच्या नावाला मी गमतीनं "हाजिर" म्हटलं. ज्या माणसानं कधी आमच्यावर बोट उगारलं नाही, त्यानं मला दुपारपर्यंत उन्हात उभं केलं. स्वतःही समोर उभे राहिले, पूर्ण वेळ, टोपीशिवाय.

३

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर चाराचे तीन श्वास झाले.

मला वाटलं, म्हातारपण. मग दोन झाले. आणि एका सकाळी थांबण्याऐवजी आजांनी नुसती मान हलवली, हजेरी घेणारा ओ मिळाल्यावर हलवतो तशी. शालूच्या वेळी हलवायचे तशीच.

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन उभी राहिले. शालूचं "हाजिर" झालं, आणि पडवीत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. दगडावर भरलेला तांब्या ठेवला की येतो तसा जड, बेताचा. आजांनी मान हलवली. "आमेन. डिसमिस."

मी मागे गेले. पडवीत कुणी नव्हतं. आजांचा पलटणीतला पितळी तांब्या खुंटीला उलटा टांगलेला होता, रोजच्यासारखा. तो कधी कुणी वापरत नसे. मी हात घालून बघितलं, आत कोरडा. काठ मात्र ओला होता.

माझा पहिला संशय काळुरामवर. हा मिठागरावर काम करायचा आणि आमच्या विहिरीचं पाणी न्यायचा. मी त्याला धरलं. "काळुराम, सकाळी तू आमच्या पडवीत येतोस?"

"कशाला येऊ गो बाय? मी पहाटंच आगरावर जातंय. तुजा आजा बंदूक काढंल माज्यावर."

मग संशय आईवर, मग मांजरीवर. मांजर तांब्या ठेवत नाही हे मलाही कळत होतं. पण माणूस आधी कळणाऱ्या गोष्टींची यादी संपवतो. ती माझी तीन दिवसांत संपली.

४

शेवटी मी आजांनाच विचारलं. ते ओटीवर बसून काठीला तेल लावत होते. दुपारचं लख्ख ऊन पडलेलं.

"आजा, शालूनंतर कुणाची वाट बघता?"

त्यांचा हात थांबला.  मला वाटलं, परत उन्हात उभं राहावं लागणार.

"गुणाजीची," ते म्हणाले.

इराणात, लढाई होऊन बुशायर बंदराकडे परत येताना तीन दिवस पाऊस आणि गुडघाभर चिखल. पलटण रात्रभर चालली. पहाटे मुक्कामावर हजेरी झाली. आजांच्या शेजारचा गुणाजी रांगेत नव्हता. वाटेत तो म्हणालेला, तांब्या भरून आलोच. आजांना वाटलं, येईलच. उगाच बिचाऱ्याला सजा कशाला. नाव आलं तेव्हा आजांनी तोंड वळवून आवाज बदलला आणि म्हटलं, "हाजिर."

"हजेरी पुरी भरली," आजा म्हणाले. "भरली की शोधायला कोण जातं? पलटण पुढे निघाली. संध्याकाळच्या हजेरीला तो नाहीच म्हणताना दोन स्वार मागे धाडले. चिखलात त्याचा तांब्या तेवढा सापडला, पडवीत टांगलाय तो."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? मधे दिवसभर?"

"मधे दिवसभर मला वाटत होतं, येईलच."

 मग मला सुचलं ते विचारलं, "एकदा चुकून ओ दिली, तर ती मागे घेता येते?"

"येते. कुणीतरी पुढे येऊन मोठ्यानं सांगायचं, अमका गैरहाजिर. पण ज्याचं त्यानं सांगून चालत नाही. जो हरवला तो कसा सांगणार?" त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "पोरी, तो हाकेच्या अंतरावर असणार. चिखलात माणूस लगेच जात नाही. तो ओरडला असेल."

आजा खोटं बोलत नव्हते. पण मला वाटलं की पुरंही बोलत नाहीत. त्यांनी ते ओरडणं ऐकलं होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

५

त्यानंतरचा शुक्रवार. वडिलांची नऊची पाळी होती, आईचं डोकं दुखत होतं, सगळ्यांची घाई. प्रार्थना आटोपती झाली.

"आनंदा." "हाजिर."

"सूनबाई." "हाजिर."

"सगुणा." "हाजिर."

"शालू."

"हाजिर," पडवीतून आवाज आला. शालूचाच. तोच नाकातला, तसाच शेवटी चढणारा.

वडिलांनी पागोटं उचललं आणि पायऱ्या उतरले. आई चुलीकडे वळली. मी आजांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात जरा पुढे आलेला होता, बोट मोकळं. ते बोट धरायला कुणी आलं नव्हतं.

नंतर तांब्याचा आवाज झाला नाही. आजा आमेन म्हणाले नाहीत.

मी मागे धावले. पडवी रिकामी. शालूची चटई गुंडाळून ठेवलेली. खुंटीवर तांब्या नव्हता. तो पडवीच्या मध्यावर जमिनीवर होता, काठोकाठ भरलेला, आणि आतलं पाणी अजून हलत होतं.

"शालू नाही इथे," मी म्हटलं. आई म्हणाली, "अगं आत्ता तर ओ दिली तिनं, असेल कुठे तरी." आणि मी सांगते, तेवढ्यावर मलाही गप्प बसावंसं वाटलं. ओ तर सगळ्यांनी ऐकली होती. ओ ऐकली की माणसाचं मन कसं लगेच थंड होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आजा मात्र ओटीवरून गरजले. आयुष्यात मी तो आवाज दुसऱ्यांदा ऐकला नाही. "शालू गैरहाजिर. हजेरी रद्द. शोधा."

वडील अर्ध्या वाटेतून परत फिरले. काळुरामला हाक मारली. मिठागराच्या पलीकडे, जिथून भरतीचं पाणी आत घेतात त्या दाराशी शालू कमरेपर्यंत चिखलात रुतलेली सापडली. पाणी तिच्या छातीशी आलेलं. काळुराम फळी टाकून पालथा पडला आणि त्यानं तिला काखेत धरून ओढून काढलं. "पोर गावली," तो ओरडला आणि नंतर स्वतःच रडत बसला.

शालू रडली नाही. घरी आणून आईनं अंग पुसलं तेव्हा म्हणाली, "काका म्हणाले, तू पाणी बघून ये. तुझ्या नावाला मी ओ देतो."

"कोण काका?"

"आजासारखा कोट आहे ते. रोज मागे उभे असतात."

६

त्या दुपारी आजांनी मला ओटीवर बोलावलं. त्यांनी दाढी केली होती, ठेवणीतला कोट काढला होता आणि त्यावर पदक लावलं होतं. शुक्रवारी, भर दुपारी.

"तो पोरीवर डूख धरणारा नव्हे," ते म्हणाले. "त्याला मी पाहिजे. मला कळायला उशीर झाला. मी त्याची वाट बघत होतो आणि माझं नाव कधी घेतच नव्हतो."

"आजा, पाद्रीसाहेबांना बोलवू का?"

"त्यांच्याशी बोलणं झालंय माझं. देवाशीही झालंय. आता तू ऐक. उद्या मी माझं नाव घेईन. ओ आली की तू आमेन म्हणायचं. आणि मला शोधायला कुणाला पाठवायचं नाही. हा हुकूम आहे."

मी रडायला लागले. मी म्हटलं, मी नाही असलं काही करणार. त्यांनी आत बघितलं. शालू आईच्या मांडीवर झोपली होती, तिच्या नखांत अजून काळा चिखल होता.

"मग परत तिच्या नावाला ओ येईल," आजा म्हणाले. "चालेल तुला?"

चौदा वर्षांच्या मुलीला असलं विचारू नये. मी अजून त्यांच्यावर त्याबद्दल रागावलेली आहे.

शनिवारी सकाळी हजेरी झाली. शालू धावत आली आणि तिनं बोट धरलं. "हाजिर." आजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग समोर बघून म्हणाले, "शिमोन."

त्यांचे ओठ मिटलेले होते. मी त्यांच्याकडेच बघत होते, मी शपथेवर सांगते, मिटलेले होते.

"हाजिर," पडवीतून आजांचाच आवाज आला.

मी मान वळवली. पडवीचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि त्याच्या खालच्या मोडक्या फळीतून उजेड येत होता. त्या उजेडात दोन पाय दिसले. गुडघ्यांपर्यंत चिखलाचे, टाचा जुळलेल्या. त्याच्या वर दार होतं.

आई-वडिलांनी काय ऐकलं? म्हाताऱ्यानं स्वतःचं नाव घेतलं आणि स्वतःच ओ दिली. वडील तर हसले. मी आमेन म्हटलं. आजा काठी घेऊन मागच्या दारानं गेले. मी बघितलं तेव्हा दाराखाली कोणी नव्हतं.

७

हे मंडळीत सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पुढचं चाललं नसतं.

आईला वाटलं, शनिवार आहे, आजा प्रार्थनेच्या जागी झाडलोट करायला गेले. मी काही बोलले नाही. अकराच्या सुमाराला मी विहिरीवर भांडी घासत होते. भरती लागली होती. खाडीच्या बाजूनं हाक आली.

"सगुणा."

मी हात थांबवला. ऊन होतं, वारा नव्हता. आवाज लांबून पण नीट येत होता.

"सगुणा. ओ दे गं."

तो हुकूम देणारा आवाज नव्हता. घाबरलेला म्हातारा माणूस होता. त्यांचा विचार बदलला होता, किंवा बदलला नव्हता आणि चिखल छातीशी आल्यावर माणूस ओरडतोच. किंवा ते ओरडणारे आजा नव्हतेच. हे तिन्ही संशय मी त्या वेळी घेतले, आणि मला तिसरा सोयीचा वाटला. मला शालूची नखं आठवत होती. मी राख घेतली आणि भांडं घासत राहिले. आठ हाका आल्या. मग येईनाशा झाल्या.

वडील चारला घरी आले तेव्हा शोध सुरू झाला. बांधावर काठी मिळाली. प्रार्थनामंदिराच्या मागे आजांच्या नावाचा दगड आहे, अण्णांनी रविवारी त्याला हार घातला. त्या दगडाखाली कोणी नाही.

त्या दिवसापासून पडवीत आवाज झाला नाही. शालूच्या नावाला दुसऱ्या कुणी ओ दिली नाही. ती मोठी झाली, कल्याणला दिली, तिला दोन मुलं आहेत. मी हिशोबी बाई नाही, पण मनात म्हणायचे, जे झालं ते वाया गेलं नाही.

८

आज गुरुवार. रविवारी मंडळीत आजांची गोष्ट ऐकल्यापासून माझ्या नीलानं धरलं होतं की आपल्याही घरी हजेरी घ्यायची. नऊ वर्षांची आहे. मी नाही म्हटलं, ओरडले. आज सकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत असताना तिनं ओटीवर टाचा जुळवून सुरू केलं. तिचे बाबा कौतुकानं बघत उभे.

"बाबा."

"हाजिर," उत्तम.

"आई."

मी तोंड उघडलं नव्हतं. गप्प राहायचं मी ठरवलंच होतं, म्हणजे खेळ मोडेल.

"हाजिर," मागच्या दाराबाहेरून माझा आवाज आला.

नीलानं मान हलवली. मी धावत ओटीवर गेले, म्हटलं, ती ओ मी दिली नाही. नीला खिदळली. उत्तम म्हणाला, "अगं, आम्ही दोघांनी ऐकली की." मी परत सांगितलं, माझी शपथ घेतली. त्यानं नेहमीसारखं बघितलं, याही गोष्टीत संशय, असं. नीला शाळेला गेली, तो कामावर गेला. दोघंही निवांत मनानं गेली.

गुणाजीचं आणि आजांचं जे होतं ते मिटलं, असं मी अठरा वर्षं धरून चालले. माझं आणि आजांचं काही राहिलं असेल हे मला कधी सुचलं नाही. आजांनीच शोधू नको म्हणून सांगितलं होतं. मग ते माझ्यावर का रागावतील? पण माझा आवाज इतका हुबेहूब काढणारं, शेवटी जरा तुटणारी माझी ओ लहानपणापासून रोज सकाळी ऐकलेलं माणूस दुसरं कोण आहे?

मी पुढच्या ओटीवर बसून हे लिहिलं. काळुराम आता म्हातारा झालाय, पण दुपारच्या गाडीनं लेकीकडे कल्याणला निघालाय. त्याच्या हाती ही वही शालूला देते आहे. शालू, तू लगेच ये. घरात कुणी ऐको न ऐको, ओटीवर उभी राहा आणि मोठ्यानं म्हण, सगुणा गैरहाजिर. मी म्हणून चालत नाही, नाहीतर मीच म्हटलं असतं.

आणि मी घरात दिसले नाही तर नीलाच्या बाबांचं ऐकू नकोस. ते म्हणतील, आत्ता तर ओ दिली तिनं, असेल कुठे तरी. तू खाडीकडे जा.

काळुराम दाराशी आलाय. तो विचारतोय, "बाय, आत कोन आलंय? तांब्या वाजला."